कोलंबस (इंडियाना) येथील सार्वजनिक हायस्कूल : आपले अनुभव लिहा

नमस्कार. इंडियानापोलिसच्या दक्षिणेस सुमारे सत्तर किलोमीटरवर असलेले कोलंबस हे जेमतेम पन्नास हजार वस्तीचे शहर पुण्यातील अनेक घरांच्या ओळखीचे आहे, कारण १९१९ साली येथे सुरू झालेल्या कमिन्स कंपनीचे मुख्यालय आजही येथेच असून १९६२ पासून तिचे पुण्याशी नाते आहे. बदलीवर येणाऱ्या कुटुंबांना घर, गाडी आणि बँक यांविषयी सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. मात्र नववी ते बारावीतील मूल सोबत असेल तर पुढे काय असते, हे फारसे कोणी सांगत नाही. नॉर्थ आणि ईस्ट या दोन मोठ्या सार्वजनिक हायस्कुलांचा अनुभव असलेल्या पालकांनी आणि येथे शिकलेल्या मुलांनी तो सविस्तर लिहावा. कोणती शाळा सरस, हा वाद येथे नको.

मुलगी दहावीच्या वयात आली, ती आई

येथे तुकडी नसते, ही पहिली गोष्ट ध्यानात घ्यावी. खोली शिक्षकांची असते आणि दर तासाला मुलेच जागा बदलतात, त्यामुळे गणिताला अकरावीची मुले शेजारी, तर चित्रकलेला नववीची, असे सहज घडते. विषय कोणते घ्यायचे हे मूल आणि काउन्सेलर, म्हणजे शाळेतील मार्गदर्शक, मिळून ठरवतात. पालकांनी त्या बैठकीस अवश्य जावे, पण बोलणे मुलावर सोपवावे, कारण तेथे प्रश्न त्यालाच विचारले जातात.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. आपल्याकडे दहावीचे गुण जन्मभर सोबत राहतात आणि नववीचे कोणी विचारत नाही. येथे नववीच्या पहिल्या सत्रातील श्रेणीसुद्धा सरासरीत धरली जाते आणि विद्यापीठाच्या अर्जासोबत जाते. एका सत्राचा एक विषय म्हणजे साधारणपणे एक क्रेडिट. आमच्या वेळी हायस्कूल पूर्ण केल्याच्या 'कोअर ४०' पदविकेसाठी चाळीस क्रेडिट लागत असत. २०२९ मध्ये उत्तीर्ण होणाऱ्या मुलांपासून राज्याने रचना बदलली असून किमान बेचाळीस लागतात. त्यामुळे माझ्यासह सर्व जुन्या पालकांचे सल्ले तपासून घ्यावेत. निघताना भारतातील शाळेकडून आठवीपासूनची गुणपत्रके आणि विषयवार अभ्यासक्रम शिक्क्यासह घ्यावा. लसीकरणाची नोंद हाताशी नसेल तर पहिला आठवडा दवाखान्यात जातो.

दोन मुलांचे वडील

खर्चाविषयी थोडक्यात. शाळेची फी नसते, हे खरे. परंतु इंडियानात पालकांना पाठ्यपुस्तकांचे भाडे भरावे लागत असे आणि आमच्या थोरल्याच्या वेळी दर ऑगस्टमध्ये ते देयक येई. २०२३ च्या कायद्याने सार्वजनिक शाळांतील हे भाडे बंद झाले. बँड, खेळ आणि सहली यांचे पैसे वेगळे असतात. शाळेचा काही भार मालमत्ता करावर असतो, आणि जादा कर हवा असल्यास मतदारांची संमती घेण्याची पद्धत आहे. आमच्यासारखे व्हिसावरील लोक कर नेमाने भरतात, पण मत देऊ शकत नाहीत. तरीही शाळा मंडळाच्या बैठका सर्वांना खुल्या असतात आणि तेथे बसून ऐकण्यासारखे पुष्कळ असते.

येथेच शिकलेला, आता नोकरी करणारा

आई-बाबांच्या दृष्टीने शाळा म्हणजे विषय आणि श्रेणी; माझ्या दृष्टीने ती बँड, म्हणजे चालत वाजवणारे शाळेचे वाद्यपथक, होती. मी इंग्रजी बोलण्यास बिचकत होतो आणि ट्रम्पेट वाजवताना बोलावे लागत नाही, एवढ्याच कारणाने मी नाव दिले. जुलैच्या उन्हात वाहनतळावर रेषा आखून, पावले मोजत, तीच आठ मात्रांची चाल दुपारभर गिरवावी लागते. शाळा उघडेपर्यंत मला जेवणाच्या सुट्टीत बसायला जागा ठरलेली होती, आणि नव्याने आलेल्या मुलासाठी ही किती मोठी गोष्ट आहे, हे ज्याने तबक हातात घेऊन ते भोजनगृह पाहिले आहे त्यालाच कळेल. जेवणात शाकाहाऱ्याला चीज पिझ्झा फार खावा लागतो. डबा नेण्यात कमीपणा मानू नये.

शुक्रवारी रात्री अमेरिकन फुटबॉलचा सामना म्हणजे शहराचा मेळावाच असतो. नॉर्थचे बुलडॉग्ज आणि ईस्टचे ऑलिंपियन्स एकमेकांसमोर येतात तेव्हा एकाच कार्यालयातील माणसे दोन बाजूंना बसतात. पालकांची मंडळे तेथे खाद्यपदार्थ विकून पैसे उभारतात. माझी आई, जिने पुण्यात कधी क्रिकेटही पाहिले नाही, पॉपकॉर्नच्या खिडकीमागे उभी राहू लागली आणि तिच्या येथील बहुतेक ओळखी तेथेच झाल्या. हिवाळ्यात बास्केटबॉल असते आणि इंडियानात त्याची थट्टा करू नये. १९९७ पर्यंत राज्यातील लहानमोठ्या सर्व शाळा एकाच स्पर्धेत खेळत. पुढे आकारानुसार गट पाडले गेले, आणि आमचे वयस्कर शेजारी त्याबद्दल अजूनही तावातावाने बोलतात.

नातवाच्या पदवीदान समारंभास आलेले निवृत्त शिक्षक, सांगली

मी ईस्टची इमारत बाहेरून आणि आतून पाहिली. ती मिचेल-जर्गोला या वास्तुसंस्थेने आखली आणि १९७२ साली सुरू झाली. जे. अर्विन मिलर हे कमिन्सचे प्रमुख असताना, शहराने नामवंत वास्तुविशारद निवडल्यास त्यांचे मानधन कंपनीचे प्रतिष्ठान देईल, अशी योजना १९५० च्या दशकात सुरू झाली व तिचा आरंभ एका प्राथमिक शाळेपासून झाला. कारखानदाराने शाळेला देणगी देणे आपल्याकडेही आहे, पण पाटीवर नाव न कोरता आराखड्याचा दर्जा विकत घेऊन देणे मला विशेष वाटले. दार मात्र कुलूपबंद असते; घंटी वाजवून, ओळखपत्र दाखवून, छातीवर चिकटपट्टी लावूनच आजोबांना प्रवेश मिळतो.

आठवीतील मुलाची आई

त्याच कुलपाविषयी. टोर्नेडो वादळाचा सराव असतो, तसाच हल्लेखोर शिरल्यास काय करावे याचाही असतो. मुलाने ते घरी वरणभात खाताना सहज सांगितले. मला रात्री झोप लागली नाही, त्याला लागली.

एच-४ व्हिसावरील मुलीची आई

हा विषय कोणी काढला नाही, म्हणून लिहिते. एच-४ म्हणजे नोकरीच्या व्हिसावर आलेल्याच्या जोडीदाराला व मुलांना मिळणारा व्हिसा. सोळाव्या वर्षाच्या सुमारास वर्गमित्र आइस्क्रीमच्या दुकानात, तरणतलावावर किंवा किराणा दुकानात कामाला लागतात, आणि त्या कामाभोवतीच मैत्री, गाडी व संध्याकाळ फिरते. एच-४ वरील मुलांना पगारी काम करता येत नाही. शाळेतील व्यावसायिक अभ्यासक्रमांत पगारी उमेदवारी असते, तीही त्यांना घेता येत नाही, आणि महाविद्यालयासाठीचे संघराज्य सरकारचे आर्थिक साहाय्यही मिळत नाही. शिक्षकांना हे बहुधा ठाऊक नसते, "तू अर्ज का करत नाहीस?" असे ते आपुलकीनेच विचारतात आणि मुलीला दर वेळी नव्याने समजावून सांगावे लागते. आम्ही नववीतच काउन्सेलरांना लेखी कळवले, त्याचा उपयोग झाला. ग्रंथालयात किंवा रुग्णालयात खरोखरीची स्वयंसेवा करता येते. वयाची एकवीस वर्षे पूर्ण झाली की मुलांचा हा व्हिसा संपतो, तेव्हा ग्रीन कार्डाच्या (कायम वास्तव्याच्या परवान्याच्या) रांगेत असणाऱ्यांनी मुलाची जन्मतारीख वकिलासमोर ठेवून हिशेब बारावीत नव्हे, येथे पाऊल ठेवण्यापूर्वीच करावा.