कोडनेम्स: 'शिक्षा' या क्लूवर आम्ही हरलो, चूक कोणाची?

रामबागवाला (इंदूर)
दर शनिवारी रात्री साडेनवाला आमचं कोडनेम्स असतं. म्हणजे दोन टीमचा शब्दांचा खेळ: स्पायमास्टर एक शब्द आणि आकडा असा क्लू देतो, त्यावरून बाकीच्यांनी पटावरचे तेवढे आपले शब्द ओळखून दाबायचे. इंदूरहून मी आणि बायको, पुण्याहून आत्तेबहीण, म्हणजे आमची ताई, तिचे यजमान आणि दोन मुलं. खेळ ब्राउझरमध्ये, गप्पा व्हिडिओ कॉलवर. शब्द आमचे आम्हीच मराठीत टाकतो.

परवा आमचे दोन शब्द उरले होते, समोरच्यांचा एकच. त्यामुळे हीच पाळी शेवटची. ताई आमची स्पायमास्टर. तिने क्लू दिला: 'शिक्षा, २'. बायको म्हणतेय "थांबा जरा", पण मी तोवर 'विद्यापीठ' दाबून मोकळा! पत्ता काळा निघाला. काळा दाबला की टीम हरते, खेळ खलास.

ताईने कपाळावर हात मारला. तिच्या मनात 'तुरुंग' आणि 'उठाबशा'. आता सांगा, ज्या गावात पाटीवर 'जिला शिक्षा अधिकारी' वाचत आपण मोठे झालो, तिथे शिक्षा म्हटल्यावर आधी काय आठवणार? घरी मराठीच बोलतो हो आम्ही, पण डोक्यात हिंदी केव्हा घुसते ते कळत नाही. असा क्लू बाद धरायचा का?

नियमावर_बोट
बाद कशाला? शब्द मराठी, अर्थ मराठी. नियमपुस्तिकेत परभाषेतला शब्दसुद्धा चालतो, फक्त तो आपल्या रोजच्या बोलण्यात रुळलेला हवा. शंका आली तर समोरच्या स्पायमास्टरला विचारायचं. तो हो म्हणाला की क्लू चालला.
पण ताईंचंही थोडं चुकलंच. २५ शब्दांत काळा एकच असतो, क्लू सुचला की आधी त्याच्याकडे बघायचं. समोर इंदूरची मंडळी बसली आहेत हे काय तिला ठाऊक नव्हतं?
आणि दादा, 'उठाबशा' पटावर ढळढळीत दिसत असताना तुम्ही विद्यापीठात शिरलात, ते वेगळंच.

बडोद्याची_सून
आमच्याकडे गुजरातीचा घोळ. दिरांनी 'खाली, २' दिला. मी माहेरची सातारची, मला 'तळघर' दिसलं. त्यांना हवे होते 'मडकं' आणि 'खिसा', म्हणजे रिकामे! अजून चिडवतात.

गराडूप्रेमी (इंदूर)
भिया, उलटंही होतं. मी 'सराफा, ३' दिला: जिलबी, कणीस, मध्यरात्र. नागपूरच्या मित्राने सरळ 'बांगडी' दाबली आणि ती समोरच्यांची निघाली. त्याला बिचाऱ्याला काय माहीत, दिवसा सोनं विकणाऱ्या त्या गल्लीत रात्री भुट्ट्याचा कीस मिळतो. मी त्याला म्हटलं, आधी इंदूरला ये, मग माझ्या टीममध्ये बस.

रामबागवाला (इंदूर)
उठाबशांचं मान्य. पट नीट बघितलाच नव्हता.
ताईला हा धागा पाठवला. ती म्हणाली, क्लू बदलणार नाही, तुझी मराठी बदल. काल मुद्दाम 'संसार, २' दिला. मी पाच मिनिटं 'पृथ्वी'कडे बघत बसलो. शेवटी बायकोने माझ्या हातातून माउस घेतला आणि 'पोळपाट' दाबला. निळा, म्हणजे आमचाच! मग 'भांडण'. तोही निळा.