मदत हवी आहे: फुप्फुसाच्या कर्करोगात ट्रोपोनिन सात हजार पटींनी वाढू शकते का?

बागायतदार_तासगाव
नमस्कार. वडिलांना डाव्या फुप्फुसाचा कर्करोग आहे. केमो आणि शेक दोन्ही पूर्ण झाले असून आता मिरजेला इंजेक्शने सुरू आहेत. इंजेक्शनांच्या आधी सांगलीत रक्त तपासले तेव्हा ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाल्यास रक्तात वाढणारे प्रथिन) ०.०१२ होते, काल मिरजेत तेच ८६ आले आहे, म्हणजे सात हजार पटींहून अधिक. एनटी-प्रोबीएनपी (हृदयावर ताण आल्यास रक्तात वाढणारा घटक) ६४० असून त्यापुढेही वाढीची खूण आहे. पुढचे इंजेक्शन थांबवले आहे, आणि कारण विचारले तर ‘हृदयावर ताण दिसतो, सोमवारी या’ एवढेच उत्तर मिळाले. छातीत काडीचेही दुखत नाही, इको केला तर पंपिंग ६० टक्के आहे. मग उपचार का अडवायचा? तोवर कर्करोग थांबून राहणार आहे का? जाणकारांनी कृपया लवकर सांगावे.

विश्रामबागकर
ट्रोपोनिन वाढणे म्हणजे हृदयविकाराचा झटका. माझ्या चुलत्यांना तर मधुमेहामुळे दुखलेही नव्हते. रक्तातूनच कळले आणि त्याच दिवशी अँजिओग्राफी करून स्टेंट बसवावा लागला. आपणही वेळ न दवडता अँजिओग्राफी करून घ्यावी, असा माझा आग्रह आहे.

नमुना_तपासनीस
अँजिओग्राफीपर्यंत जाण्याआधी दोन गोष्टी कळणे आवश्यक आहे. दोन्ही कागदांवर ट्रोपोनिन आय लिहिले आहे की टी? आणि आकड्यापुढचे एकक काय आहे?

विश्रामबागकर
आय असो वा टी, दोन्ही हृदयाचेच असते. रुग्णाच्या नातेवाइकांना अशा तपशिलात गुंतवून काय साधणार?

बागायतदार_तासगाव
एककाने काय फरक पडतो ते मला समजत नाही, तरी सांगतो. सांगलीचा कागद ट्रोपोनिन आय, नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर. मिरजेचा हाय सेन्सिटिव्हिटी ट्रोपोनिन टी, नॅनोग्रॅम प्रति लिटर.

नमुना_तपासनीस
फरक तिथेच आहे. एका लिटरमध्ये हजार मिलिलिटर असतात, म्हणून सांगलीचे ०.०१२ हे मिरजेच्या एककात १२ होते. सात हजार पटींची वाढ केवळ कागदावरची आहे, ती मनातून काढून टाकावी. इतकेच नव्हे, तर १२ आणि ८६ यांचीही तुलना होत नाही, कारण आय आणि टी ही दोन वेगळी प्रथिने आहेत. टी ची वरची मर्यादा साधारण १४ धरतात. आय ची मर्यादा यंत्र कोणत्या कंपनीचे आहे आणि रुग्ण स्त्री आहे की पुरुष, यावर ठरते. तेव्हा वडिलांचे ट्रोपोनिन वाढत आहे की स्थिर आहे, हे आपल्या हातातल्या दोन कागदांवरून कोणालाच सांगता येणार नाही. एकाच प्रयोगशाळेत, एकाच पद्धतीने, काही तासांच्या अंतराने पुन्हा तपासले, तरच चढ-उतार कळतो.

मात्र ८६ हा आकडा स्वतःच मर्यादेच्या बराच वर आहे, तो दुर्लक्षून चालणार नाही. क्रिएटिनिन किती आहे तेही कळवावे. मूत्रपिंड मंदावले की ट्रोपोनिन आणि एनटी-प्रोबीएनपी दोन्ही वर राहतात. शिवाय केस गळतात म्हणून बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर त्या सांगाव्यात, कारण काही यंत्रांवर त्यांच्यामुळे ट्रोपोनिन खोटेच कमी दिसते.

कृष्णाकाठ_पलूस
हृदयाच्या ताकदीसाठी अर्जुनसालीचा काढा दुधात उकळून सकाळ-संध्याकाळ द्यावा आणि सोबत आपल्या सांगलीचीच हळद. आमच्या घरी तीन पिढ्यांचा अनुभव आहे. रक्ताचे आकडे आपोआप खाली येतील.

उषा_परिचारिका
कृष्णाकाठ, आपली कळकळ समजते. परंतु कर्करोगाची औषधे चालू असताना कोणताही काढा उपचार करणाऱ्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय देऊ नये. काही औषधे यकृतात ज्या वाटेने मोडली जातात, त्याच वाटेत वनस्पतींचे अर्क आडवे येऊ शकतात. आणि इथे आकडा खाली आणणे हा उद्देशच नाही, तो का वाढला हे शोधायचे आहे.

बागायतदार, दोन प्रश्न आहेत. इंजेक्शनाचे नाव काय, आणि किती झाली? छाती सोडून इतर काही बदल दिसतो का: पापणी जड होणे, एकाचे दोन दिसणे, गिळताना अडकणे, मांड्यांत किंवा खांद्यांत दुखणे, उठताना त्रास?

जत_रोड
महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत नाव घातले आहे का? आधार आणि शिधापत्रिका घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटावे, केमोचा मोठा भार हलका होतो.

बागायतदार_तासगाव
कार्ड झालेले आहे, आभारी आहे. उषाताई, इंजेक्शनाचे नाव दुर्व्हालुमॅब. दोन झाली आहेत. क्रिएटिनिन १.४ आहे. बायोटिन घेत नाहीत. थकवा आहेच, पण तो केमोचा असेल असे सर्वांचे म्हणणे पडले. छाटणीच्या दिवसांत सकाळपासून बागेत उभे राहणारा माणूस आता खुर्चीवरून उठताना दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून स्वतःला वर ढकलतो. डावी पापणी या आठवड्यापासून संध्याकाळी अर्धी मिटलेली असते. टीव्ही पाहताना ते एक डोळा झाकून घेतात. चष्म्याचा नंबर बदलला असेल म्हणून आम्ही चष्म्याच्या दुकानात जाणार होतो.

उषा_परिचारिका
कृपया सोमवारची वाट पाहू नका. आज रात्रीच मिरजेच्या तातडीच्या विभागात जा. निघण्यापूर्वी कर्करोग विभागाच्या क्रमांकावर फोन करून तुम्ही इथे लिहिलेले हेच सर्व सांगा: दुर्व्हालुमॅबचे दोन डोस, पापणी, दुहेरी दिसणे, उठता न येणे, ट्रोपोनिन टी ८६.

कारण असे की हे इंजेक्शन केमो नव्हे. ते शरीराच्या प्रतिकारशक्तीवरचा लगाम सैल करते, म्हणजे ती कर्करोगावर तुटून पडते. क्वचित तीच शक्ती स्वतःच्या स्नायूंवर उलटते. त्यात हृदयाचा स्नायूही येऊ शकतो, आणि पापण्यांचे, डोळ्यांचे, श्वासाचे स्नायूही. साधारण शंभरातल्या एखाद्यालाच हृदयस्नायूचा दाह होतो, पण झाला तर तो जिवावर बेतू शकतो आणि बहुतेक वेळा पहिल्या तीन महिन्यांतच होतो. म्हणूनच युरोपीय हृदयरोग संघटनेच्या २०२२ च्या मार्गदर्शनात हे उपचार सुरू करण्यापूर्वीच ईसीजी, ट्रोपोनिन आणि एनटी-प्रोबीएनपी पाहून ठेवायला सांगितले आहे. डॉक्टरांनी पुढचा डोस रोखला ते योग्यच झाले. त्यांना पापणीची गोष्ट कळली असती तर बहुधा घरी सोडलेच नसते.

विश्रामबागकर
इको ६० टक्के आहे हे आपण विसरता. माणसांना रात्री-अपरात्री घाबरवणे बरे नव्हे. पंपिंग चांगले म्हणजे हृदय चांगले.

नमुना_तपासनीस
विश्रामबागकर, या प्रकारच्या दाहात सुमारे निम्म्या रुग्णांचे पंपिंग सुरुवातीला चांगलेच असते. इको चांगला असणे ही समाधानाची बाब आहे, पण त्यावरून दाह नाही असे म्हणता येत नाही.

उलट बाजूही सांगणे मला भाग आहे. ट्रोपोनिन टी हातापायांच्या स्नायूंच्या आजारातही वाढते, कारण दुखावलेला स्नायू भरून येताना ते प्रथिन तयार करतो. आय तुलनेने हृदयापुरते मर्यादित असते. तेव्हा तिथे गेल्यावर ट्रोपोनिन आय आणि सीपीके (स्नायू दुखावले की रक्तात वाढणारा घटक) या दोन्ही तपासण्या पाठवत आहेत का, हे नम्रपणे विचारावे. टी वाढलेले, सीपीके वाढलेले आणि आय ठीक, तर हृदयापेक्षा इतर स्नायूंकडे संशय अधिक जातो. आय सुद्धा वाढत असेल, तर हृदय.

एनटी-प्रोबीएनपी ६४० चा अर्थ एकट्याने लागणार नाही. १२५ च्या आत असते तर हृदय निकामी होत असण्याची शक्यता बरीच मागे पडली असती. वर असण्याला मात्र वय, मूत्रपिंड, लय बिघडणे, डाव्या बाजूला दिलेला शेक, आणि फुप्फुसातल्या दाबामुळे उजव्या कप्प्यावर येणारा ताण अशी कारणे असतात. कर्करोगात फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकण्याचा धोकाही वाढतो, आणि तिने हे दोन्ही आकडे वर जातात. ती शंका डॉक्टर सीटीने फेडतील. आता कृपया निघावे.

बागायतदार_तासगाव
रात्रीच दाखल केले, काल लिहायला उसंत मिळाली नाही. सीपीके चार हजारांच्या वर आहे. ट्रोपोनिन आय सहा तासांच्या अंतराने दोनदा पाहिले, दोन्ही वेळा मर्यादेच्या आत. ईसीजी जुन्यासारखाच आहे, सीटीत गुठळी नाही. स्नायूंचा दाह आहे आणि पापणीचा त्रासही त्याच प्रतिक्रियेचा भाग दिसतो, असे डॉक्टर म्हणाले. त्यासाठी रक्ताचा वेगळा नमुना पाठवला आहे. शिरेतून स्टेरॉइड सुरू केले असून श्वासाची ताकद दर काही तासांनी मोजतात. हृदयाचा एमआरआय उद्या करणार आहेत. दुर्व्हालुमॅब बंद. सर्वांचे मनापासून आभार. आता एकच शंका आहे: ट्रोपोनिन टी आजही ८१ आहे. ते उतरत नाही म्हणजे औषध लागू पडत नाही का?

नमुना_तपासनीस
तसा अर्थ घेऊ नये. स्नायू भरून येईपर्यंत टी बराच काळ वर राहू शकते. आय वर जात नाही ना, सीपीके खाली येते ना, आणि खुर्चीवरून उठणे सोपे होते ना, याकडे लक्ष ठेवावे. यापुढे आय ची तपासणी त्याच रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत करावी, म्हणजे आकडे एकमेकांशी ताडून पाहता येतील.

उषा_परिचारिका
घरी सोडल्यावर स्टेरॉइडच्या गोळ्या बरे वाटले म्हणून मध्येच थांबवू नका. त्या डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे हळूहळूच कमी करतात, आणि त्या काळात साखर तपासत राहावी लागते. फाइलच्या पहिल्या पानावर ‘दुर्व्हालुमॅब दिले होते, स्नायूंचा दाह झाला’ असे ठळक लिहून ठेवा. पुढे तासगावात साध्या तापासाठी दाखवायला गेलात तरी ते पान आधी दाखवा.