फुकेतला गोल्फ, डिसेंबर: कोणी खेळलंय का?

मंडळी नमस्कार,
लग्नासाठी आपण बरेच जण डिसेंबरात मुंबईत असणारच आहोत, मी तर आत्ताच येऊन चेंबूरला बहिणीकडे मुक्काम ठोकलाय. लग्न आटपलं की पाच-सहा जणांनी चार दिवस फुकेतला जायचं चाललंय, इथून थेट फ्लाइट आहे. दोनच राउंड जमतील, बायका रोज सोडणार नाहीत. कुठे खेळावं? आणि किट इथून न्यावं का?
— न्यू जर्सीवाला (सध्या चेंबूर)

---

दादा, पहिलं किटचं. आम्ही नेलं होतं, परतीला काउंटरवर जादा वजनाचे पैसे उकळले ते उकळलेच, वर मुंबईच्या पट्ट्यावर बॅग आली तेव्हा ड्रायव्हरची, म्हणजे लांब मारायच्या क्लबची, मान मोडलेली. तक्रार केली, उत्तर अजून येतंय. शूज आणि ग्लव्ह घ्या बस, क्लब तिथे भाड्याने मिळतात.

आता कोर्स. सगळे ब्लू कॅन्यनच सांगतील. तिथे कॅन्यन आणि लेक्स असे दोन आहेत, बुक करताना कॅन्यन म्हणून नीट सांगा. 1998 च्या जॉनी वॉकर क्लासिक स्पर्धेला टायगर वुड्स शेवटच्या दिवशी आठ शॉट मागे होता आणि बरोबरी करून प्लेऑफमध्ये एर्नी एल्सला हरवून गेला, ते इथेच. आई थाई ना त्याची, म्हणजे पोरगं आजोळी आलेलं, मग काय! 13व्या होलला मधे दरी येते, त्याने म्हणे दरीवरून थेट ग्रीनकडे, म्हणजे भोकाभोवतीच्या हिरवळीकडे, मारला. आपण तसं करू नये. मी केलं. दोन बॉल दरीला वाहिले आणि तिसरा मुकाट्याने फेअरवेवर, मधल्या कापलेल्या गवतावर, ठेवला.

पण एकच राउंड असता तर मी रेड माउंटनला गेलो असतो. कथू भागात आहे. फुकेत एकेकाळी कथलाच्या खाणींवर जगायचं, आपल्याकडे भांड्यांना कल्हई करायचे ना, तेच कथील. त्या जुन्या खाणीतल्या लाल मातीच्या कड्यांमध्येच होल बसवलेत. 17वा पार 3 आहे, म्हणजे तीन फटक्यांत संपवायचा, टी (पहिला फटका मारायची जागा) एवढी उंचावर की ग्रीन खाली परातीएवढं दिसतं, मारल्यावर बॉल पडतो कधी म्हणून बघत उभं राहायचं आणि क्लब कुठला घ्यावा ते शेवटपर्यंत कळत नाही.
— मुलुंडचे काका

---

"बायका सोडणार नाहीत" हे वाचलं बरं का! माझा हँडिकॅप (जितका कमी तितका खेळ चांगला) 22 आहे, भावजींनी आपला लिहावा 😀

कॅडी, म्हणजे बॅग सांभाळणारी नि सल्ला देणारी मदतनीस, तिकडे घ्यावीच लागते, बहुतेक बायकाच असतात, उन्हापायी डोळे सोडून सगळं झाकलेलं. माझ्या कॅडीने ग्रीनवर उकिडवं बसून नुसती दोन बोटं दाखवली, म्हणजे कपाच्या, त्या भोकाच्या, डावीकडे दोन बॉलांएवढं सोडून मारायचं. मला वाटलं मला जास्त कळतं, सरळ मारला, आणि नेमका उजवीकडून गेला. ती काही बोलली नाही, फक्त दोन बोटं परत दाखवली. टिप वेगळी द्यायची असते, कंजूषपणा करू नका.

डिसेंबर उत्तम, पाऊस मे ते ऑक्टोबर. ऊन मात्र आहेच, टी टाइम (खेळ सुरू करायची वेळ) सकाळचाच घ्या. आणि शाकाहारींनी "जे" हा थाई शब्द म्हणायचा, नुसतं व्हेज म्हटलं तर फिश सॉस पडतो.
— ठाण्याची वहिनी

---

वहिनी, चुकलो. हँडिकॅप विचारू नका.
तुम्ही धरून सहा जण झालो, तीन-तीनचे दोन ग्रुप. आधी रेड माउंटन, आणि ब्लू कॅन्यन एअरपोर्टजवळ आहे म्हणून शेवटच्या दिवशी, फ्लाइट रात्रीची घेऊ. तोवर हात जरा सुटावा म्हणून रविवारी खारघरला सिडकोच्या कोर्सवर जायचं म्हणतोय. सकाळी सहाला वाशी स्टेशनबाहेर भेटा, गाडी भाच्याची आहे, बॅगा धरून तिघांचीच जागा, आधी कळवेल तो बसेल.
— न्यू जर्सीवाला