तीव्र, ताजा की आशुकारी?

मधली ओळ: आयसीडी-१०, म्हणजे आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाचे संकेतांक कसे लावायचे, त्या प्रशिक्षणपुस्तिकेचं भाषांतर करतेय. आय२१ म्हणजे 'अ‍ॅक्यूट मायोकार्डियल इन्फार्क्शन' (एमआय), आपला हार्ट अटॅक. सवयीने 'तीव्र' लिहिलं. तपासणाऱ्याने समासात खूण केली, "पुढच्याच उदाहरणात माइल्ड अटॅक आहे. मग हा सौम्य तीव्र झटका का?" पेच खरा आहे. इथे अ‍ॅक्यूट झटक्याच्या जोराबद्दल बोलतच नाही, झटक्याच्या वयाबद्दल बोलतं. चार आठवड्यांपर्यंतचा तो आय२१, त्याहून जुना आणि आता त्रास नसलेला आय२५.२. काय लिहू?

बोरूबहाद्दर: आशुकारी, म्हणजे झटकन होणारा. आयुर्वेदातला आयता शब्द. इन्फार्क्शनला अभिकोथ आहेच.

निवृत्त सिस्टर: रात्री तीन वाजता केसपेपरवर 'आशुकारी अभिकोथ' कोण लिहिणार? आम्ही कागदावर एमआय लिहायचो आणि नातेवाइकांना अटॅक सांगायचो. 'ताजा' म्हणा.

बोरूबहाद्दर: ताजी भाजी असते, ताई.

निवृत्त सिस्टर: जखमही असते.

मधली ओळ: ताजा पटतंय. मग आय२५.२ जुना की जुनाट?

अनुस्वार: जुनाट अजिबात नको! जुनाट खोकला अजून चालू असतो. हा होऊन गेला, मागे व्रण राहिला; कधी कधी तर ईसीजी काढल्यावरच कळतो. माझे काका म्हणायचे, "मला अटॅक येऊन गेलाय", जणू पाहुणाच. 'येऊन गेलेला' घ्या.

निवृत्त सिस्टर: गेल्या मंगळवारचाही येऊन गेलेलाच की. आणि चार आठवड्यांच्या आत दुसरा आला तर आय२२. त्याला काय म्हणाल?

काठावरचा: मुळात 'झटका'च घोळ घालतो. सासऱ्यांचं हृदय थांबलं तेव्हा डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "झटका द्यावा लागला." सासूबाईंना वाटलं, अटॅक यांनीच आणला! बरं, हृदय थांबणं हा वेगळाच संकेतांक, आय४६. बातम्यांत मात्र सगळाच 'हृदयविकाराचा झटका'.

बोरूबहाद्दर: झटका आला संस्कृत 'झटिति'वरून, म्हणजे लगेच. म्हणजे आशुच! माझंच म्हणणं सिद्ध झालं.

अनुस्वार: झटितिवरून फार तर झटपट. झटका 'झटकणे'वरून. सतरंजी झटकतो तसा.

मधली ओळ: मंडळी, माझा सौम्य तीव्र झटका अजून तसाच पडलाय.

बोरूबहाद्दर: थांबा हो. अनुस्वार, झटकणे तरी कुठून आलं?