‘कार्बन स्थिरीकरण’ : स्थिर नेमके काय होते?

प्रश्न : नीलहरित जीवाणूंवरील (सायनोबॅक्टेरिया, म्हणजे प्रकाशसंश्लेषण करून प्राणवायू सोडणारे जीवाणू) मजकुरात ‘कार्बन ग्रहण’ आणि ‘कार्बन स्थिरीकरण’ हे शब्द सर्रास एकमेकांच्या जागी आलेले दिसतात. त्यांचा अर्थ एकच धरावा काय? शिवाय कार्बन डायऑक्साइड हा मुळातच स्थिर रेणू असताना त्याला आणखी स्थिर काय करायचे?

उत्तर : हे शब्द वेगळेच ठेवावेत, कारण या जीवाणूंच्या पेशीत त्या दोन क्रिया वेगवेगळ्या जागी घडतात. कार्बन डायऑक्साइड पाण्यात हवेच्या मानाने सुमारे 10,000 पट हळू पसरतो, आणि तो जोडून घेणारे रुबिस्को हे विकर (एन्झाइम, म्हणजे अभिक्रिया घडवणारे प्रथिन) संथ तर आहेच, पण कार्बन डायऑक्साइडऐवजी प्राणवायूलाही धरून बसते. त्यामुळे नीलहरित जीवाणू पाण्यात विरघळलेला बायकार्बोनेट (कार्बन डायऑक्साइडचे पाण्यातील विद्युतभारित रूप) वाहक प्रथिनांकरवी, ऊर्जा खर्चून, आत ओढतात; विद्युतभारामुळे तो पेशीपटलातून सहजासहजी निसटत नाही आणि पेशीत साठत जातो. येथवरचे काम म्हणजे ग्रहण. साखरेचा अजून पत्ताही नसतो.

हा साठा मग कार्बोक्सीसोममध्ये शिरतो. साधारण 100 नॅनोमीटर किंवा त्याहून थोडा मोठा असलेला हा बहुफलकी डबा पटलाने नव्हे तर प्रथिनांच्या कवचाने बनलेला असून रुबिस्कोने खच्चून भरलेला असतो. आत कार्बोनिक अनहायड्रेज हे विकर बायकार्बोनेटपासून पुन्हा कार्बन डायऑक्साइड मोकळा करते, रुबिस्को तो पाच कार्बनी साखरेला जोडते, आणि तयार झालेला सहा कार्बनी रेणू लगेच दुभंगून तीन कार्बनी आम्लाचे दोन रेणू हाती येतात. माझ्या मते ‘स्थिरीकरण’ हा शब्द काटेकोरपणे या जोडणीलाच लावावा; कॅल्विन चक्राच्या (या जोडणीपासून साखर बनवण्यापर्यंतच्या अभिक्रियांच्या साखळीच्या) पुढच्या पायऱ्यांनाही तो सैलपणे लावतात, हे खरे.

आता दुसरी शंका. संस्कृत व्याकरणानुसार ‘स्थिरीकरण’ म्हणजे जे स्थिर नव्हते ते स्थिर करणे, आणि रसायनशास्त्राच्या दृष्टीने येथे घडते नेमके उलटे : कार्बन डायऑक्साइडच्या मानाने साखरेत ऊर्जा अधिक असते, म्हणून तर साखर जाळली की पुन्हा तोच वायू मिळतो. घोटाळा भाषांतराचा आहे. इंग्रजीतील ‘फिक्सेशन’मध्ये उडून जाणारी वस्तू घन पदार्थात अडकवून ठेवण्याचा जुना अर्थ आहे. स्कॉटलंडच्या जोसेफ ब्लॅक यांनी 1750च्या दशकात मॅग्नेशियाचे कार्बोनेट तापवले, तेव्हा त्याचे वजन घटले आणि एक वायू बाहेर पडला. घन पदार्थात अडकून राहिलेला म्हणून त्यास त्यांनी ‘फिक्स्ड एअर’ म्हटले. तो वायू कार्बन डायऑक्साइडच होता! ‘बद्ध हवा’ हे त्याचे नेमके मराठी झाले असते. तरीही ‘कार्बनबंधन’ सुचवण्यास मी कचरतो, कारण वाचक तो रासायनिक बंध समजेल. ‘नत्र स्थिरीकरण’ शेतीविषयक लेखनात पक्के रुळले आहे, तेव्हा त्याच्या जोडीने हाही शब्द राहू द्यावा, मात्र पहिल्या उल्लेखापाशी ‘वायूतील कार्बन सेंद्रिय संयुगात बांधणे’ असे स्पष्ट लिहावे.

पुरवणी : ‘प्रकाशसंश्लेषी जलजीवाणू’ हा ‘नीलहरित जीवाणू’चा पर्याय म्हणून वापरू नये. हरित गंधक जीवाणूही पाण्यात राहतात आणि प्रकाशावर जगतात, परंतु ते प्राणवायू सोडत नाहीत व कार्बन बांधण्यासाठी रुबिस्को न वापरता क्रेब्ज चक्र (एरवी अन्नातील कार्बनचे कार्बन डायऑक्साइड करणारी अभिक्रियांची साखळी) उलटे चालवतात, त्यामुळे वरचे कार्बोक्सीसोमचे वर्णन त्यांना लागू पडत नाही.