प्रति: बिअरही वाईनसारखीच चाखायची का?
वर विचारलंय, वाईनसारखी बिअरही घोळवून थुंकायची का? नाशिककरांना ती सवय असणारच, पण इथे घोट गिळायचा. हॉप्सचा (बिअरला कडू चव देणाऱ्या फुलांचा) कडवटपणा किती टिकतो, ते गिळल्यावरच नीट कळतं. बर्फात गारठवलेला ग्लास नको, वास दबतो. ७-८ अंश ठीक, स्टाउटला (काळ्या, भाजक्या चवीच्या बिअरला) १०-१२. ग्लासच्या आतल्या कडेला बुडबुडे चिकटले तर तो तेलकट आहे. मग फेस बसणारच, त्यात बिअरचा दोष नाही. जर्मन पद्धतीच्या व्हीट (गव्हाच्या) बिअरला केळं-लवंगेचा वास हवाच. लोण्याचा आला तर डायअसिटिल, म्हणजे बिअर आंबताना तयार होणारं रसायन: यीस्टला ते परत शोषायला वेळ दिला नाही, किंवा बिअरच्या नळाच्या नळ्या अस्वच्छ. ओल्या पुठ्ठ्याचा आला तर ऑक्सिजन लागलाय, खुशाल परत करा.