मदत हवी आहे : मागच्या चाकाचे ब्लीडर निपल गंजून जाम झाले आहे

नमस्कार,

माझ्याकडे 2014 सालची, पुढे डिस्क आणि मागे ड्रम ब्रेक असलेली पेट्रोल हॅचबॅक आहे. रत्नागिरीत आमच्या घरासमोर ती बारा महिने उघड्यावर उभी असते. ऑइल-फिल्टर, ब्रेक पॅड अशी कामे मी घरीच करतो. या वेळी ब्रेक ऑइल बदलायला घेतले, कारण टाकीतले ऑइल कोऱ्या चहासारखे काळपट झाले होते आणि समुद्राकाठच्या दमट हवेत ते फार जुने होऊ देणे मला पटत नाही. डॉट 4 जातीचे ऑइल कोरे असताना किमान 230 अंशांपर्यंत उकळत नाही, पण पुरेसा ओलावा शोषल्यावर ही मर्यादा 155 अंशांच्या आसपास येऊ शकते. आंबा घाटाचा उतार उतरताना हा फरक लहान नाही.

ब्लीडर निपल, म्हणजे जुने ऑइल आणि हवा बाहेर काढण्यासाठी प्रत्येक चाकाच्या ब्रेकला असलेला पोकळ स्क्रू. पुढची दोन्ही आणि मागचे डावे निपल फारशी कुरकुर न करता सुटले. मागचे उजवे मात्र जागचे हलत नाही. त्याची रबरी टोपी केव्हाच गळून पडलेली असल्यामुळे पोकळ निपलाच्या तोंडात चिखल घट्ट बसला आहे, आणि निपल जिथे व्हील सिलिंडरमध्ये (ऑइलच्या दाबाने ड्रम ब्रेक चालवणाऱ्या भागात) शिरते तिथे तांबूस गंज व त्याच्या कडेने पांढरट भुकटी दिसते. भुकटीवरून सिलिंडर अ‍ॅल्युमिनियमचा असावा असे वाटते. म्हणजे पोलादी निपल, अ‍ॅल्युमिनियमचे अंग आणि खारी हवा असा तिहेरी योग जुळून आला आहे. निपलाचा माथा 8 नंबरचा आहे. रिंग पान्याने बेताने जोर लावला तेव्हा माथ्याचे दोन कोपरे किंचित चकाकले, म्हणून तिथेच थांबलो. गंज सोडवणारा स्प्रे रात्रभर मुरू दिला, सकाळी पुन्हा मारला, तरी फरक नाही.

सध्या पेडल पूर्वीइतकेच कडक आहे, गळती कुठेही नाही, काम करताना टाकी रिकामी होऊ दिलेली नाही आणि गाडीला एबीएस (ब्रेक मारताना चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) नाही. जवळच्या एका गॅरेजमध्ये विचारले, तर "निपल तुटले तर जबाबदारी आमची नाही" एवढेच ऐकायला मिळाले, आणि त्यांचेही अगदीच चूक म्हणता येणार नाही.

जाणकारांना विचारायचे ते असे. माथा गोल होण्याआधी आणखी काय करून पाहता येईल? टॉर्चने गरम करावे असे काहीजण सुचवतात, पण आत रबरी सील असताना ते कितपत सुरक्षित आहे? गंजाचा स्प्रे आत झिरपून त्या सीलना बाधतो का? आणि प्रयत्नांत निपल तुटलेच, तर गाडी गॅरेजपर्यंत तरी नेता येईल का, की ती जागीच अडकेल?

प्रतिसाद

आधी एक दिलासा. त्या चाकाची लाइन तुम्ही उघडलेलीच नाही, त्यामुळे तिथे हवा शिरण्याचा प्रश्न येत नाही. फक्त जुने ऑइल मागे राहिले आहे. पेडल कडक असेल तर घाईने काही करण्याची गरज नाही, मात्र घाटरस्ता तूर्तास टाळावा.

रिंग पाना बाजूला ठेवा. बाजारात मिळणारे बहुतेक रिंग पाने बारा कोनी असतात आणि ते फक्त कोपऱ्यांवर जोर देतात. सहा कोनी सॉकेट आणा. ते माथ्याच्या सपाट बाजूंना धरते. निपलाच्या तोंडातला चिखल बारीक तारेने काढा, कारण त्या भोकाचा पुढे उपयोग आहे. ड्रिल बिटची मागची गुळगुळीत दांडी त्या भोकात जेमतेम सरकेल अशी निवडा आणि ती आत ठेवूनच तिच्यावर लहान हातोडीने सरळ रेषेत हलके ठोके द्या. निपल पोकळ आहे आणि टोकाजवळ त्याला आडवे भोकही असते. त्यामुळे पिळताना ते मुरगळते आणि तुटते. आत दांडी असली की माथा दबत नाही, आणि ठोक्यांनी आट्यांमधला गंज तडकतो. त्यानंतर सॉकेट लावून आधी किंचित आवळण्याच्या दिशेने, मग सोडण्याच्या दिशेने, असे आलटून पालटून करा. लांब दांडीचा हँडल घेऊ नका. लहान हँडलवर हाताला जे कळते ते लांब हँडलवर कळत नाही, आणि निपल सुटायला लागणे व मुरगळायला लागणे यांतला फरक हातालाच कळावा लागतो. सुटताना ते बारीक करकर करत अडते आणि पुढे सरकते. मऊपणे, आवाज न करता फिरले तर समजा की ते पिळले जात आहे, आणि तिथे थांबा.

स्प्रेबद्दलची तुमची शंका रास्त आहे. डॉट 3 आणि डॉट 4 ऑइलच्या ब्रेकमधले सील ज्या रबराचे असतात ते खनिज तेलाने फुगते, म्हणून रॉकेल, डिझेल किंवा स्प्रे ब्रेकच्या आत जाता कामा नये. मात्र निपलाची खरी सीलबंदी आट्यांवर नसून टोकाच्या शंकूवर असते. तो शंकू बसलेला आहे तोवर स्प्रे बाहेरच्या आट्यांपाशीच राहतो, आणि निपल सुटल्यावर पहिले थोडे ऑइल बाहेर वाहू दिले की उरलेला अंशही निघून जातो.

गाडीवर असताना टॉर्च लावू नका. सिलिंडरमध्ये ऑइल आहे, पलीकडे रबरी कप आहेत, शेजारी लायनर (ड्रमला आतून घासणारे ब्रेकचे पट्टे) आहेत. ब्रेक क्लीनर मारलेल्या जागेवर तर ज्वाला मुळीच नको. क्लोरीनयुक्त क्लीनर तापला की फॉस्जीनसारखा विषारी वायू तयार होऊ शकतो.

हे सगळे मी पुढच्या कॅलिपरसाठी (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागासाठी) जितक्या आग्रहाने सांगितले असते तितक्या आग्रहाने इथे सांगत नाही. कॅलिपर महाग असतो, तो काढून व्हाइसमध्ये धरून, सील काढून, गरम करून वाचवण्यात अर्थ आहे. मागचा व्हील सिलिंडर त्या मानाने स्वस्त असतो आणि बहुधा नव्या निपलासकट मिळतो. तुटलेल्या निपलात ड्रिल घालणे, एक्स्ट्रॅक्टर (तुटलेला स्क्रू बाहेर काढायचे हत्यार) फिरवणे, तोही आत तुटला की कपाळाला हात लावणे, या वाटेला जाऊच नका. निपल तुटले तरी शंकूचा भाग बहुतेक वेळा जागेवर घट्ट राहतो आणि लगेच गळती होत नाही. पण तेवढ्या भरवशावर गाडी रोज चालवू नये. पेडल नीट तपासून, चाकाच्या आतली बाजू कोरडी आहे ना हे पाहून, सावकाश गॅरेजपर्यंत न्यायला हरकत नाही.

प्रतिसाद

वरच्या मताशी सहमत आहे, पण सिलिंडर बदलायचा झाला तर निपलापेक्षा त्याच्या शेजारचा पाइपचा नट जास्त त्रास देतो. तोही त्याच खाऱ्या हवेत गंजलेला असणार. सिलिंडर बॅकप्लेटवर (ड्रममागच्या न फिरणाऱ्या तबकडीवर) पक्का बसलेला असतानाच हा नट आधी सैल करा, आणि त्यासाठी पाइपवरून सरकून नटाला जवळजवळ सगळीकडून धरणारा फ्लेअर नट पाना वापरा. नटाबरोबर पाइपही फिरताना दिसला तर लगेच थांबा, कारण पोलादी पाइप पिळून फाटायला वेळ लागत नाही आणि मग तो तुकडा नव्याने करून घ्यावा लागतो. दोन्ही बाजूंचे सिलिंडर एकाच वेळी बदला, आणि त्यांच्या आतला व्यास सारखा आहे ना हे डब्यावर नव्हे, भागावर पाहून घ्या.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. सहा कोनी सॉकेट आणि दांडीचा उपाय करून पाहतो. नाही जमले तर सिलिंडरची जोडीच आणतो. एक शंका उरते : पाइप सोडल्यावर वरच्या टाकीतले सगळे ऑइल खाली वाहून जाऊ नये म्हणून काय करावे?

प्रतिसाद

पेडल थोडेसेच दाबून, काठीचे एक टोक पेडलवर आणि दुसरे सीटच्या कडेला टेकवून तसेच धरून ठेवा. मास्टर सिलिंडरमधला (पेडल ज्याला दाबते त्या टाकीखालच्या मुख्य सिलिंडरमधला) पिस्टन जरा पुढे सरकला की टाकीकडून येणारे छिद्र बंद होते आणि ऑइल थेंब थेंबच गळते. या काळात ब्रेकचे दिवे लागून राहतील, म्हणून बॅटरीची एक तार काढून ठेवा. सुट्या पाइपच्या टोकावर निपलाचीच एक रबरी टोपी चढवली तर ती बहुधा छान बसते. ऑइल रंगावर सांडू देऊ नका, सांडलेच तर लगेच भरपूर पाण्याने धुवा. नवा सिलिंडर बसवल्यावर आधी लायनर अ‍ॅडजस्ट करा आणि मगच हवा काढा. लायनर सैल असले तर पहिल्या दाबाला पेडल खोल जाते, दुसऱ्याला वर येते, आणि नसलेली हवा शोधत माणूस बाटलीभर ऑइल वाया घालवतो. हवा काढताना पेडल जमिनीपर्यंत दाबू नका, खाली लाकडाचा ठोकळा ठेवा, कारण जुन्या मास्टर सिलिंडरचा एरवी न वापरलेला भाग खडबडीत झालेला असतो आणि तिथे सील फाटू शकतात. नव्या निपलाच्या आट्यांवर ब्रेकसाठीचे सिलिकॉन ग्रीस अगदी पुसट लावा, शंकूला मात्र लावू नका. आणि चारही टोप्या नव्या घाला.